लंडनला जाताना दहा तास, येताना नऊ: अंतर तेच, मग तास का बदलतात?

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि एरवी नकाशाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या घरांत ‘आता किती तास लागणार?’ ही चर्चा सुरू झाली. नाशिकमध्ये अशी घरं कमी नाहीत. मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीत आणि आई-बाबा इंदिरानगरला नाहीतर कॉलेज रोडला, ही आता इथली नेहमीची गोष्ट झाली आहे. तिकीट काढायला बसलं की शंका सुरू होतात. अंतर तेवढंच असताना जायला जास्त आणि यायला कमी वेळ का? समोरच्या पडद्यावर विमान एवढं वाकडं जाताना का दिसतं? आणि एखादं विमान लांबचा रस्ता धरूनही आधी कसं पोचतं?

या सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन विमानतळांमधलं अंतर ही भूमितीची बाब आहे, प्रवासाचे तास मात्र वारा आणि राजकारण ठरवतात. क्रमानं पाहू.

वेबसाइटवरचा आकडा कशाचा असतो?

‘मुंबई ते न्यूयॉर्क अंतर’ असं शोधलं की साधारण १२,५३० किलोमीटर असं उत्तर येतं. ते कुणी मोजलेलं नसतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोळा आहे असं धरून काढलेलं ते गणित असतं. गोळ्याच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सगळ्यात आखूड वाट, एवढाच त्याचा अर्थ. विमान प्रत्यक्षात त्याच वाटेनं जाईल असं काही ते सांगत नाही.

वेळेचा आकडा तर आणखी ढोबळ. बऱ्याच वेबसाइट हे अंतर ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरनं भागतात आणि वर चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास टाकतात. ओझर (नाशिकचा विमानतळ) ते दिल्ली हवाई अंतर जवळपास ९९० किलोमीटर आहे. नुसता भागाकार केला तर सव्वा तासाच्या आतच उत्तर येतं, पण तिकिटावर दोन तासांच्या आसपासची वेळ असते. वर चढताना आणि खाली उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, दिल्लीला उतरण्याआधी रांग असते, आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत जायलाही वेळ जातो. प्रवास जितका छोटा, तितकं हे भागाकाराचं गणित जास्त चुकतं.

नकाशावर वाकडं, पृथ्वीवर सरळ

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो खाली काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. दोरा अरबस्तान किंवा आफ्रिकेकडे जात नाही, सरळ उत्तरेला चढतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड. प्रवासाचा बरोबर मध्य स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रावर येतो. पुढे आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा, आणि मग न्यूयॉर्क. वाटेत ही रेषा जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत पोचते, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी खाली. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क ४१ अंशांच्या जरा खाली असताना!

या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं कुठलंही वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त, आणि गोळ्यावरची सगळ्यात आखूड वाट नेहमी अशाच एखाद्या वर्तुळाचा तुकडा असते.

भिंतीवरच्या नकाशात ती कमानीसारखी दिसते, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना कुठेतरी ताण द्यावाच लागतो. आपल्या ओळखीचा जगाचा नकाशा मर्केटरनं १५६९ मध्ये खलाशांसाठी ज्या पद्धतीनं काढला, त्या पद्धतीचा असतो. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाला तो सोयीचा होता. पण त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असली, तरी त्या नकाशावर दोघं जवळपास सारखेच दिसतात. त्याच नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारली आणि तिच्यावरून विमान नेलं, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे सरळ दिसणारी रेघ वाकड्या दिसणाऱ्या वाटेपेक्षा साधारण १,६७० किलोमीटरनं लांब आहे.

विमानाचा वेग कशाच्या तुलनेत?

आता खरा मुद्दा. ड्रीमलायनरसारखं मोठं विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर ताशी साधारण ९०० किलोमीटरनं जातं, असं आपण वाचतो. पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. जमिनीशी त्याचा थेट संबंध नाही, आणि ती हवा स्वतःही कुठेतरी निघालेली असते.

पंचवटी एक्स्प्रेस ताशी शंभरनं चालली आहे असं धरा. तुम्ही डब्यात इंजिनाच्या दिशेनं ताशी पाचच्या चालीनं निघालात, तर बाहेर रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुमचा वेग एकशे पाच दिसेल. मागच्या डब्याकडे निघालात तर पंचाण्णव. तुमच्या पायांना दोन्ही वेळा सारखेच कष्ट. फरक गाडीनं पाडला. विमानाच्या बाबतीत ती गाडी म्हणजे वारा.

आणि हा वारा किरकोळ नसतो. साधारण ९ ते १६ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद पण जोरदार पट्टे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो, कधी चारशेच्या आसपासही. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांतल्या तापमानाच्या फरकातून ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांना पूर्वेची दिशा मिळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून तेव्हा ते जास्त जोरात असतात.

त्यांचा शोध मोठा गमतीदार आहे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगभर वाचता यावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिला. त्यामुळेच बहुधा तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकी बी-२९ विमानं जपानवर गेली आणि वैमानिकांना हा वारा प्रत्यक्ष भेटला, तेव्हा कुठे त्याचं महत्त्व लक्षात आलं.

आता लंडनचं गणित करू. मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ९०० आणि वाटेवर सरासरी १०० किलोमीटरचा पश्चिमी वारा असं सोपं धरू. जाताना वारा समोरून, म्हणजे जमिनीवरचा वेग ८००: नऊ तास. येताना वारा पाठीशी, वेग १,०००: सात तास बारा मिनिटं. प्रत्यक्षात चढणं, उतरणं, वळसे, धावपट्टीवरची वाट हे सगळं वर येतं. वाराही पूर्ण वाटभर असा सोयीस्कर समोरून किंवा मागून नसतो. म्हणून व्यवहारात जायला साधारण दहा आणि यायला नऊ तास दिसतात.

या उदाहरणातली एक बारीक गोष्ट सहज निसटते. जाता-येता वारा ‘फिटंफाट’ करत नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून सोळा तास लागले असते, वाऱ्यासह सोळा तास बारा मिनिटं लागतात. कारण सोपं आहे: विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, अनुकूल वाऱ्यातून मात्र लवकर बाहेर पडतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक बोइंग ७४७ अटलांटिकवरच्या वादळामुळे जोर चढलेल्या जेट प्रवाहात शिरलं आणि ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला होता. मग ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं, हवा मात्र भन्नाट धावत होती.

पावसाळ्यात आपल्या डोक्यावरचं चित्र थोडं बदलतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर उंचावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. त्याचा अभ्यास १९५० च्या दशकात भारतीय हवामानतज्ज्ञ पी. कोटेश्वरम यांनी मांडला. पण युरोपच्या प्रवासात आपण बहुतेक वाट त्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे वर्षभराचा हिशेब पश्चिमी वाऱ्यांकडेच झुकतो.

‘पण पृथ्वी फिरते, त्याचं काय?’

ही शंका प्रत्येक घरात एकदा तरी निघते, आणि ती बावळट नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी साधारण १,६७० किलोमीटर, नाशिकच्या अक्षांशावर १,५७० च्या आसपास. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली लंडन आपोआप सरकत येऊन प्रवास छोटा व्हायला नको का?

उत्तर पुन्हा पंचवटीच्या डब्यात आहे. धावत्या गाडीत उडी मारली म्हणून कुणी मागच्या डब्यात पडत नाही. उडी मारण्याआधीच तुम्ही गाडीच्या वेगानं चाललेले असता. ओझरच्या धावपट्टीवर उभं विमान आणि त्याच्याभोवतीची हवाही पृथ्वीबरोबर आधीपासून फिरतच असते. त्यामुळे पृथ्वीचं फिरणं थेट कुणाचेच तास वाचवत नाही. ते वाऱ्यांना वळण देतं आणि तो वारा तुमचे तास बदलतो.

लांबचा रस्ता, पण आधी पोच

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण. एअर इंडिया सुरुवातीला ही फेरी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून नेत असे. सुमारे १३,९०० किलोमीटर, साडेसोळा तासांच्या आसपास. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, वेळ मात्र उतरून साडेचौदा तासांवर आली. चौदाशे किलोमीटर जास्त कापून दोन तास आधी! सगळी वाट वारा पाठीशी होता. सरासरी काढली तर पहिल्या वाटेनं ताशी ८४० च्या आसपास आणि दुसरीनं १,०५० च्या वर.

हे जमतं, कारण भारत आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा गोळ्याच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. पूर्वेकडून जा, पश्चिमेकडून जा किंवा डोक्यावरून, अंतरात फार मोठा फरक पडत नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली फक्त महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं ते याच भूमितीमुळे. या दोन शहरांतलं थेट अंतर १३,९९३ किलोमीटर आहे.

थोडक्यात, विमान कंपनी आखूड वाट शोधत बसत नाही. त्या दिवशीचा वारा पाहून सर्वांत कमी खर्चाची वाट काढते, आणि ती रोज बदलते. काल मुलाच्या विमानानं पडद्यावर एक वाट दाखवली आणि आज तुमच्या विमानानं दुसरी, तर काळजीचं कारण नाही.

आभाळालाही सातबारा असतो

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या हवाई हद्दीवर पूर्ण हक्क असतो. परक्या विमानाला वरून जाऊ द्यायचं की नाही, हे तो देश ठरवतो, आणि जाऊ दिलं तर त्याचं शुल्कही घेतो.

पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला हद्द बंद केली, भारतानं त्याच महिन्याच्या अखेरीस तसंच उत्तर दिलं, आणि पुढे महिन्यामहिन्यानं मुदत वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै हेच झालं होतं. बंदी भारतीय विमानांना आहे. त्यामुळे एखादी युरोपीय कंपनी दिल्लीहून त्याच हद्दीतून जाऊ शकते आणि भारतीय कंपनीला वळसा घ्यावा लागतो. एकाच मार्गावरच्या दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात त्यामागे अनेकदा एवढंच असतं.

याचा चटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो. मुंबईच्या दारातच अरबी समुद्र आहे, थोडं डावीकडे सरकलं की काम भागतं. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्राकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. ओझरहून दिल्लीला जाऊन तिथून लंडनचं विमान पकडणाऱ्या नाशिककराचा प्रवास तर गमतीचाच होतो: उत्तरेला हजारेक किलोमीटर चढायचं आणि मग पुन्हा गुजरातच्या दिशेनं खाली यायचं.

ड्रीमलायनर तासाला साधारण पाच टन इंधन जाळतं. एक तासाचा वळसा म्हणजे पाच टन जास्त, आणि ते पाच टन वाहून न्यायला आणखी थोडं. कधीकधी एवढं इंधन घेऊन पूर्ण प्रवाशांसह अमेरिका गाठणं शक्यच होत नाही, मग मधे कुठेतरी थांबावं लागतं. २०२५ मध्ये एअर इंडियाची काही अमेरिकेची विमानं व्हिएन्नाला थांबू लागली ती म्हणूनच. रशियानं २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना हद्द बंद केल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. हेलसिंकी आणि टोकियो आपापल्या जागीच होते.

आपल्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं समजावायला नको. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागले. न्हावाशेवा ते रॉटरडॅम नकाशावर तेवढंच राहिलं, पण माल पोचायला आठवडा-दोन आठवडे जास्त लागू लागले.

राजकारण नसलेली एक बंदीही आहे. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट दहा हजार फुटांवर यावं लागतं, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट उंच आहे.

मग वेगच का वाढवत नाहीत?

वाढवला होता. कॉन्कॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगानं न्यूयॉर्क-लंडन साडेतीन तासांत नेत असे. १९७६ ला प्रवासी सेवेत आलं, २००३ ला बंद झालं. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो, इंधन बेसुमार लागतं आणि तिकीट सामान्य माणसाच्या हाताबाहेर जातं. म्हणून आजची विमानं साठ वर्षांपूर्वीच्या बोइंग ७०७ पेक्षा काही जोरात जात नाहीत. सुधारणा झाली ती इंधनाच्या खर्चात.

तिकिटावरचे तास कसे वाचायचे?

पहिली अडचण प्रमाणवेळेची. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. समजा जूनमध्ये मुंबईहून दुपारी दीडला निघून लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोचायचं आहे. पाच तास दिसतात, पण उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणून प्रवास साडेनऊ तासांचा. परत येताना रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई. साडेतेरा दिसतात, साडेचार वजा करा, उरले नऊ. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, म्हणून हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो.

दुसरी गोष्ट, तिकिटावरचे तास हवेतले नसतात. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढले की घड्याळ सुरू होतं आणि उतरल्यावर ते पुन्हा लावले की बंद. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं हे सगळं त्यात येतं. शिवाय कंपन्या थोडी सैल ठेवतात, कारण ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत आलेलं विमानही ‘वेळेवर’ मोजलं जातं आणि तो आकडा सगळ्यांना जाहिरातीत हवा असतो.

ही सैल आणि पाठीचा वारा एकत्र आले की विमान छापील वेळेच्या बरंच आधी उतरू शकतं, विशेषतः हिवाळ्यात युरोपकडून येताना. नाशिकहून मुंबईला गाडी पाठवणार असाल तर निघण्याआधी विमानाचा माग दाखवणारं एखादं ॲप उघडून पाहा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातला ताण कमी झाला आहे. तरी भिवंडी आणि ठाण्याच्या गर्दीत किती वेळ जाईल हे सांगणारं सूत्र अजून कुणाकडे नाही. त्यामुळे गाडीवाल्याला अंदाज द्यायचा तर विमान उतरण्याची वेळ धरा, आणि पासपोर्ट तपासणी व बॅगांसाठी त्यात किमान एक तास मिळवा.